पाकिटावर किंमत आहे, बाकीचे कुठे आहे? गोव्याच्या तीन खात्यांना खुले पत्र

प्रति,
नियंत्रक, वैध मापन म्हणजेच वजनमापे खाते,
संचालक, अन्न व औषध प्रशासन,
संचालक, पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा,
गोवा सरकार

महोदय,

गोव्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी पेट शॉपची फळी पाहा. थायलंडमध्ये बनलेला मांजराचा डबा, त्याला लागून युरोपातले सुके खाद्य, खालच्या खणात देशात बनलेले गोचिडांचे औषध, काउंटरजवळ ऑनलाइन मागवलेला हर्बल स्प्रे. घरोघरी यात आणखी भर पडते. आखातातून, लंडनहून, लिस्बनहून सुटीवर आलेले नातेवाईक बॅगेतून शांपू आणि पिसवांचे थेंब आणतात. एवढ्या देशांचा माल एका घरात जमतो आणि त्यातल्या प्रत्येक लेबलामागे निराळा कायदा असतो.

हे पत्र लिहिणारे आम्ही या प्राण्यांवर उपचार करतो, हा माल विकतो आणि आमच्या घरच्या जनावरांवर तो वापरतो. लेबलावरची एक ओळ कमी असली की काय होते, ते आम्हाला उपचाराच्या टेबलावर दिसते. म्हणून आमचे म्हणणे आपल्यापुढे आणि गोव्यातल्या लोकांपुढे एकाच वेळी ठेवत आहोत.

आधी कायद्यातली पोकळी, कारण सगळ्या तक्रारींचे मूळ तिथे आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये अन्न म्हणजे माणसाच्या खाण्याची वस्तू. पशुखाद्य त्यातून वगळलेले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये प्राण्यांची औषधे येतात, पण सौंदर्यप्रसाधन म्हणजे मानवी शरीराला लावायची वस्तू. त्यामुळे कुत्र्याचा साधा शांपू, पंजांना लावायचे मलम, अंगावर मारायचा सुगंधी स्प्रे यांना त्या कायद्यात जागा नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ११९६८ हे कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे मानक आहे, पण ते पाळणे ऐच्छिक. २०१८ चे पेट शॉप नियम जिवंत प्राण्यांच्या विक्रीपुरते आहेत.

उरतो वैध मापन कायदा, २००९ आणि त्याखालचे आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम. किंमत, निव्वळ वजन, वस्तूचे नाव, उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता, मूळ देश, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल हे सगळे ते मागतात. ग्राहक वजनात आणि किमतीत फसू नये यासाठी केलेले हे नियम आहेत. आत कोणते घटक आहेत, कोणत्या प्राण्यासाठी आहेत, किती द्यायचे आणि कोणाला अजिबात द्यायचे नाही, हा त्यांचा विषयच नाही. शेवटची तारीखसुद्धा ते मागतात ती काही काळाने ‘मानवी वापरास अयोग्य’ होणाऱ्या वस्तूसाठी. मांजराचा डबा मुळात माणसासाठी नसल्याने या शब्दांतून पळवाट निघते.

आता तेच खाद्य लिस्बनच्या दुकानात ठेवायचे तर काय लागते ते पाहा. युरोपीय संघाच्या २००९ च्या ७६७ क्रमांकाच्या नियमाखाली लेबलावर प्राण्याची जात सांगावी लागते, खाद्य पूर्ण आहे की पूरक ते सांगावे लागते, घटकांची यादी, घातलेली अ‍ॅडिटिव्ह, प्रोटीन, फॅट, फायबर आणि अ‍ॅश (जाळल्यावर उरणारी राख, म्हणजे खनिजे) यांचे प्रमाण, बॅच नंबर, टिकण्याची मुदत, वापरण्याची पद्धत, सगळे त्या देशाच्या अधिकृत भाषेत. शिवाय घटकांविषयी विचारायला मोफत फोन किंवा तशी सोय. जपानने २००७ च्या मेलामाइन प्रकरणानंतर स्वतंत्र कायदा केला. तेव्हा चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिक बनवण्याचे रसायन मिसळलेले होते आणि उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. जपानचा कायदा जून २००९ मध्ये लागू झाला. नाव, सर्व घटक, शेवटची तारीख, जबाबदार व्यावसायिकाचे नाव-पत्ता आणि मूळ देश या पाच गोष्टी तिथे जपानी भाषेत छापाव्या लागतात. अमेरिकेत बहुतेक राज्ये पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या एएएफसीओ या संघटनेच्या नमुना नियमांवर चालतात. तिथे नावालाही हिशेब आहे: नुसते ‘चिकन’ म्हटले तर पाणी वगळून ९५ टक्के चिकन हवे, ‘चिकन डिनर’ला २५ टक्के, ‘विथ चिकन’ला ३ टक्के आणि ‘चिकन फ्लेवर’ला फक्त चव ओळखता येण्यापुरते. हीच पाकिटे आपल्याकडे येतात आणि चारही नावे एकाच अर्थाने वाचली जातात.

परदेशात सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. युरोपात ‘मांस आणि प्राणिजन्य पदार्थ’ एवढ्या मोघम नावाखाली काय काय खपवता येते. अमेरिकेतही प्राण्यांचा साधा शांपू सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याबाहेरच आहे. पण खाद्य आणि कीटकनाशके या दोन बाबतींत तिथला ग्राहक लेबल वाचून निर्णय घेऊ शकतो. इथला घेऊ शकत नाही.

आमची पहिली तक्रार स्टिकरची. आयात मालावर कस्टममधून सुटण्याआधी पांढरे स्टिकर लागते. त्यावर आयातदार, एमआरपी आणि महिना-वर्ष असते. ते पाकिटाच्या सपाट भागावर, म्हणजे नेमके घटकांच्या यादीवर, किती खायला घालायचे त्या तक्त्यावर किंवा लॉट नंबरवर चिकटवले जाते. नखाने काढायला गेले की खालची छपाईही निघते. किंमत कमी करायच्या स्टिकरने मूळ किंमत झाकू नये असे नियमात स्पष्ट आहे. मग मूळ इशारा झाकायला मोकळीक कशी?

लॉट नंबर हा काही छापखान्याचा तपशील नव्हे. माल परत मागवला जातो तो लॉट आणि तारखेवरूनच. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांचे डबाबंद खाद्य जास्तीच्या ड जीवनसत्त्वामुळे परत मागवले गेले. ड जीवनसत्त्व जास्त झाले की रक्तात कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंडे बिघडतात. डिसेंबर २०२० मध्ये सुके खाद्य अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे परत मागवले गेले. ते थेट यकृतावर जाते. अशी सूचना आली तर गोव्यातला दुकानदार आपल्या फळीवरचा माल कशावरून ओळखणार? स्टिकरवर लॉट नसतो आणि स्टिकरखालचा दिसत नाही.

तारखांचा घोळ याच जातीचा. ०५/०८/२६ म्हणजे आपल्याकडे ५ ऑगस्ट, अमेरिकेच्या पाकिटावर ८ मे. महिना अक्षरात लिहिला की प्रश्न मिटतो. ऑनलाइन विक्रीत तर लेबलावरच्या इतर बाबी दाखवणे सक्तीचे असले तरी उत्पादनाच्या महिन्या-वर्षाला सूट आहे, म्हणजे माल किती जुना आहे हे पार्सल फोडल्यावरच कळते.

दुसरी तक्रार सगळ्यांत गंभीर आहे, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो. गोचिडांच्या औषधांची.

गोव्याच्या दमट हवेत गोचिडी वर्षभर असतात आणि कुत्र्यांना त्यांच्यापासून होणारा टिक फीव्हर इथे नेहमीचा आहे. सत्तरी तालुक्यात गोचिडांमुळेच माणसांत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडल्यापासून लोकांनी गोचिडांची आणखी धास्ती घेतली आहे. त्यामुळे ही औषधे भरपूर खपतात, आणि बहुतेक वेळा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. त्यातले पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कुत्र्याला चालते, मांजराला नाही. मांजराच्या यकृतात ग्लुकुरोनिडेशन ही विष मोडण्याची प्रक्रिया फार क्षीण असते, त्यामुळे औषध शरीरात साचते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांत पर्मेथ्रिन ५० टक्क्यांच्या आसपास असते. ४ किलोच्या मांजरीवर त्याचा १ मिली पडला तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे १२५ मिलिग्रॅम. किलोमागे १०० मिलिग्रॅमसुद्धा जीवघेणा ठरू शकतो. काही तासांत कान आणि कातडी थरथरू लागते, मग सर्वांग कापते, मग झटके. अंगावरचे औषध अजून ओले असलेल्या कुत्र्याला मांजराने चाटले तरी हे होऊ शकते. अशा वेळी कोमट पाणी आणि भांडी घासायचे द्रव साबण वापरून अंग धुवावे, गरम पाणी वापरू नये कारण त्याने औषध जास्त शोषले जाते, उलटी करवू नये आणि लगेच डॉक्टरकडे न्यावे. झटके आवरायला मेथोकार्बामोलसारखी औषधे लागतात आणि ती घरी नसतात.

युरोपात आणि अमेरिकेत या उत्पादनांवर मांजरावर वापरू नका असा ठळक इशारा असतो. आपल्याकडे औषध नियमांतला नियम ९७ काय मागतो? ‘मानवी वापरासाठी नाही, फक्त प्राण्यांच्या उपचारासाठी’ ही ओळ आणि एका पाळीव प्राण्याच्या डोक्याचे चित्र. कोणत्या प्राण्याचे, ते सांगितलेले नाही. गाईचे डोके छापले तरी नियम पुरा होतो. हे औषध कोणत्या प्राण्याला घालू नये, याचे चित्र कुठेच मागितलेले नाही.

त्यात हे थेंब पिपेटमध्ये, म्हणजे एका वेळेपुरत्या छोट्या नळीत येतात. फिप्रोनिल या दुसऱ्या औषधाचे पिपेट १० किलोपर्यंतच्या कुत्र्याला ०.६७ मिली, १० ते २० किलोला १.३४, २० ते ४० ला २.६८ आणि ४० ते ६० ला ४.०२ मिली. वजनमापांच्या नियमांतून १० मिलीपर्यंतच्या वस्तूंना सूट आहे, म्हणजे दुकानातली सर्वांत तीव्र वस्तू नेमकी त्या नियमांच्या बाहेर पडते. औषध म्हणून लेबल लागते, पण ते आणि माहितीपत्रक बाहेरच्या खोक्यावर आणि खोक्यात. दुकानात खोके फोडून एकेक पिपेट सुटे विकले जाते. हातात येते ते बोटाएवढे प्लास्टिक, त्यावर जेमतेम नाव. मोठे पिपेट घेऊन दोन जनावरांत वाटायचा सल्लाही दिला जातो. घरात ससा असेल तर त्याच्यावरही तेच टाकले जाते, आणि फिप्रोनिल सशाला विषारी आहे.

गोचिडांवरच्याच अमिट्राझ या औषधाची गोष्ट तशीच. १२.५ टक्क्यांचे द्रावण, मुख्यतः गुरांसाठी. कुत्र्यासाठी १ लिटर पाण्यात २ मिली टाकले की ०.०२५ टक्के होते. लेबलावर मिली लिहिलेले असते, पण मोजायला काही दिलेले नसते, म्हणून घरात ते झाकणाने मोजले जाते. ५ मिलीचे झाकण असेल तर अडीचपट, १० मिलीचे असेल तर पाचपट. मग जनावर सुस्त पडते, नाडी मंदावते, अंग गार पडते. मधुमेही कुत्र्यात साखर चढते. मांजर आणि लहान पिल्ले यांना ते मुळात लावूच नये. दीड रुपयाची खुणा केलेली टोपी दिली असती तर हे टळले असते.

तिसरी तक्रार सुट्या खाद्याची. २० किलोचे पोते फोडून १-१ किलोच्या कोऱ्या पिशव्या भरून टांगल्या जातात. लोकांना ते परवडते, त्यामुळे सुटी विक्री बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. पण गिऱ्हाइकासमोर तोलून देणे आणि आधीच भरून ठेवणे यांत कायद्याने फरक केला आहे. गिऱ्हाईक नसताना ठरावीक वजनाची भरलेली पिशवी, मग ती सीलबंद असो वा नसो, ही आवेष्टित वस्तू ठरते. तिच्यावर सगळे तपशील हवेत आणि भरणाऱ्याची २०११ च्या त्याच नियमांतल्या नियम २७ खाली नोंदणी हवी. आज त्या पिशवीवर ना कंपनी, ना बॅच, ना तारीख, ना पिल्लाचे आहे की मोठ्याचे. पावसाळ्यात याला दुसरी बाजू आहे. सुक्या खाद्यात ओलावा साधारण १० टक्के असतो. तो १२-१३ च्या पुढे गेला की बुरशीला वाव मिळतो. जून ते सप्टेंबर उघड्या पोत्याला गोव्यात तेवढा ओलावा धरायला वेळ लागत नाही. अफलाटॉक्सिन दिसत नाही, त्याला वास नाही आणि घरच्या शिजवण्याने ते जात नाही. अमेरिकेत त्याची कारवाईची मर्यादा १०० कोटी भागांत २० भाग आहे. इतक्या सूक्ष्म प्रमाणावर नजर ठेवायची तर निदान खाद्य कुठल्या पोत्यातून आले ते तरी कळले पाहिजे.

सीलबंद पाकिटावरही आकडे असून नसल्यासारखे असतात. डब्यावर प्रोटीन ९ टक्के, सुक्या खाद्यावर २४ टक्के वाचून लोक डबा निकृष्ट समजतात. डब्यात ८० टक्के पाणी असते. ते वगळले की प्रोटीन ४५ टक्के होते. सुक्यात १० टक्के पाणी वगळून साधारण २७ टक्के. म्हणजे ओलाव्याचा आकडा नसेल तर प्रोटीनचा आकडा निरर्थक आहे. कॅलरीचे तसेच. प्रोटीन २४, फॅट १०, फायबर ४, ओलावा १०, अ‍ॅश ८ असेल तर कर्बोदके ४४ उरतात, आणि प्रोटीन व कर्बोदकांना ग्रॅममागे साडेतीन, फॅटला साडेआठ धरून १०० ग्रॅमला ३२३ किलोकॅलरी होतात. १० किलोच्या निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याला दिवसाला ६३० च्या आसपास लागतात, म्हणजे १९५ ग्रॅम. अ‍ॅशचा आकडा छापला नाही तर हाच हिशेब ३५१ वर जातो. आणि ज्या पाकिटावर ‘दिवसाला २ कप’ एवढेच लिहिले आहे, तिथे कोणता कप? अमेरिकन कप सुमारे २४० मिलीचा, आपल्या चहाच्या कपाच्या जवळजवळ दुप्पट.

‘कुत्रा व मांजर दोघांसाठी’ अशी पाकिटे सरसकट विकली जातात. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य खाण्यातूनच मिळावे लागते. ते कमी पडले की हृदयाचा स्नायू ढिला पडतो आणि दृष्टी जाते. मऊ ट्रीट ओलसर ठेवायला वापरतात ते प्रोपिलीन ग्लायकॉल अमेरिकेने आणि जपानने मांजरांच्या खाद्यात मनाई केले आहे, कारण त्याने मांजराच्या तांबड्या पेशींना इजा होते. आपल्याकडे घटक छापायचीच सक्ती नसेल तर ते आहे की नाही हे कोण सांगणार? कुत्र्यांच्या दातांसाठी पाण्यात घालायच्या काही द्रावणांत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो, तो किलोमागे ०.१ ग्रॅमच्या आसपास पोटात गेले की कुत्र्याची रक्तातली साखर कोसळते. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्प्रेमधले टी ट्री तेल तीव्र असेल तर कुत्रा-मांजर दोघांनाही बाधते. यातल्या कशावरही टक्केवारी सापडत नाही. औषधी शांपूचे दुखणे वेगळे. पावसाळ्यात बुरशीच्या त्वचारोगासाठी क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनाझोलचा शांपू देतात, तो अंगावर १० मिनिटे राहिला तरच काम करतो. परदेशी लेबलावर ही ओळ असते. ती स्टिकरखाली गेली की लोक लावून लगेच धुतात आणि औषध लागू पडत नाही म्हणून बदलून मागतात.

आता मागण्या. यातली केंद्राकडे करायची शेवटची शिफारस सोडली तर बाकी सगळ्या आजच्या अधिकारांत करता येण्याजोग्या आहेत.

वजनमापे खात्याने आयातदार आणि विक्रेत्यांना परिपत्रक काढून सांगावे की स्टिकरने घटक, वापराची पद्धत, इशारा, लॉट आणि तारीख झाकता कामा नये. आधीच भरलेल्या कोऱ्या पिशव्यांची तपासणी करावी, आणि पहिल्या फेरीत दंडाऐवजी मुदत देऊन नमुना लेबल द्यावे: मूळ कंपनी, बॅच, शेवटची तारीख, प्राणी आणि वय, पोते उघडल्याचा दिवस. छोटे दुकानदार हे आनंदाने करतील, कारण त्यांनाही उत्तरे द्यावी लागतात.

अन्न व औषध प्रशासनाने गोचिडांची आणि पिसवांची औषधे विकणाऱ्या दुकानांकडे औषध विक्रीचा परवाना आहे का ते पाहावे. खोके फोडून पिपेट विकणे थांबवावे. आयात औषधावर आयात परवान्याचा क्रमांक नसेल तर तो माल फळीवरून उतरवावा. औषधनिर्मितीत देशात नाव असलेल्या या राज्यात बांबोळीच्या प्रयोगशाळेने वर्षातून निदान दोनदा, त्यातले एकदा पावसाळ्यात, सुट्या खाद्याचे नमुने अफलाटॉक्सिनसाठी तपासून निकाल जाहीर करावेत. खाद्य त्यांच्या कायद्यात बसत नसेल तर पशुसंवर्धन खात्याने नमुने पाठवावेत.

पशुसंवर्धन खात्याने सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत एक पानाचा नोंदणी अर्ज ठेवावा. उत्पादनाचे नाव, बॅच, कोणत्या प्राण्यावर किती वापरले, किती वेळात काय लक्षण दिसले आणि पाकिटाच्या सर्व बाजूंचे फोटो, एवढे पुरे. खासगी डॉक्टरांनाही तो भरता यावा. परदेशात माल परत मागवल्याची सूचना निघाली की ती याच खात्याने विक्रेत्यांपर्यंत पोहोचवावी. आणि पर्मेथ्रिन व मांजर याविषयी कोकणी आणि मराठीत एक ठळक फलक प्रत्येक पेट शॉपमध्ये लावणे बंधनकारक करावे. २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालेल्या राज्याला घरोघरी माहिती कशी पोहोचवायची हे शिकवावे लागणार नाही.

तिन्ही खात्यांनी मिळून केंद्राकडे लेखी शिफारस करावी: शेवटच्या तारखेच्या तरतुदीत प्राण्यांसाठीच्या वस्तू स्पष्ट शब्दांत याव्यात, आयएस ११९६८ सक्तीचे व्हावे, खाद्यावर प्राणी, वय, पूर्ण की पूरक, घटक, ओलावा, अ‍ॅश आणि कॅलरी छापाव्यात, नियम ९७ मध्ये ज्या प्राण्याला औषध निषिद्ध आहे त्याचे फुली मारलेले चित्र यावे, अंगाला लावायच्या प्रत्येक वस्तूवर घटक टक्केवारीसह असावेत, आणि महिना अक्षरात लिहावा.

नमुना लेबल, नोंदणी अर्ज आणि फलकाचा मजकूर तयार करायला आम्ही विनामोबदला वेळ देऊ. पावसाळ्यापूर्वी तिन्ही खात्यांची एक संयुक्त बैठक बोलवावी आणि तिला विक्रेते व पशुवैद्यक दोघांनाही बोलवावे, ही विनंती.

आपले,
गोव्यातील पशुवैद्यक, विक्रेते आणि पाळीव प्राण्यांचे पालक